पदवीनंतर पुढचं शिक्षण की परदेशातली नोकरी? कोल्हापूरच्या मुलामुलींसाठी पायरीपायरीनं

निकाल लागला की पहिल्या आठवड्यात पेढे संपतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून "मग, पुढं काय करायलंय?" सुरू होतं. लग्नात, पिठाच्या गिरणीत, तालमीच्या कट्ट्यावर, सगळीकडं. उत्तरंही ठरलेली. इंजिनिअरिंग झालेला "एम.एस.चं बघायलोय" म्हणतो, बी.एस्सी. झालेली "विद्यापीठात एम.एस्सी." म्हणते, आणि दोघांच्याही डोक्यात "थेट बाहेरच नोकरी मिळाली तर?" हे चाललेलं असतंच.

ज्यांच्या घरात आजवर कुणी पासपोर्टही काढलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांचा मामा न्यू जर्सीत आहे त्यांनी सरळ कर्जाच्या पायरीवर जावं. माझं मत आधीच सांगून टाकतो: कुठला रस्ता भारी हे विचारत बसण्यापेक्षा, रस्ता चुकला तर परत फिरायला किती पैसे आणि किती वर्षं जातील ते बघा. कर्ज काढून घेतलेला प्रवेश परत फिरवता येत नाही. शिरोली एमआयडीसीत दोन वर्षं केलेली नोकरी कधीही सोडता येते.

पायरी १: रस्ते दोन नाहीत, चार आहेत

"शिक्षण की परदेश" असा प्रश्न घातला की निम्मं उत्तर तिथंच चुकतं. वहीचं एक पान घ्या आणि चार रकाने पाडा. पहिला, भारतातच पुढचं शिक्षण: शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी., गेट (इंजिनिअरिंग-विज्ञानाची देशपातळीवरची परीक्षा) देऊन एम.टेक., सीईटी किंवा कॅट देऊन एम.बी.ए. दुसरा, परदेशात शिक्षण. तिसरा, परदेशात थेट नोकरी. चौथा, जो कुणी मोठ्यानं बोलत नाही: इथं दोन वर्षं नोकरी, मग वरच्या तिन्हींपैकी एक.

प्रत्येक रकान्यात तीनच गोष्टी लिहायच्या. खिशातनं किती जाणार, पहिला पगार कधी येणार, आणि सगळं फसलं तर हातात काय उरणार. तिसरी ओळ लिहिताना पेन अडखळतं. अडखळू दे, पण ती ओळ मोकळी सोडू नका.

आपल्याला कुठला विषय आवडतो हेच ज्याला अजून माहीत नाही, त्यानं चौथा रकाना धरावा. चार वर्षं मेकॅनिकल करून "डेटा सायन्समध्ये एम.एस." म्हणणारी मुलं माझ्याकडं शिफारसपत्र मागायला येतात. का, विचारलं तर "स्कोप आहे" म्हणतात. ते दुसऱ्याचं कारण झालं. स्वतःचं कारण सापडायला कधीकधी एखाद्या फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये सहा महिने काढावे लागतात.

पायरी २: घरचा आकडा, खरा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बहुतेक घरांत हा विषय "बघू, करू कायतरी" वर संपतो आणि मग व्हिसाच्या आधी पंधरा दिवस धावाधाव होते.

सरकारी बँकांची शैक्षणिक कर्जाची साधारण पद्धत अशी. ४ लाखांपर्यंत तारण नाही, स्वतःचा वाटाही नाही. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, पण जामीन लागू शकतो. त्यापुढं स्थावर तारण लागतं. ४ लाखांच्या वरच्या कर्जात परदेशी शिक्षणासाठी १५ टक्के रक्कम घरची घालावी लागते, भारतातल्या शिक्षणासाठी ५ टक्के. हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभरानं सुरू होतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं, आणि इथंच लोक फसतात.

उदाहरण करून बघू. ३० लाखांचं कर्ज, दर १०.५ टक्के, दोन वर्षांचं एम.एस. पहिल्या वर्षी १५ लाख उचलले, दुसऱ्या वर्षी उरलेले १५. पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे १ लाख ५७ हजार, दुसऱ्याचं ३ लाख १५ हजार, नोकरी शोधण्याच्या तिसऱ्या वर्षाचं आणखी ३ लाख १५ हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज ३० नाही, जवळपास ३८ लाख झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला ५१ हजार. डॉलरमधल्या पगारातनं हे निघतं. परत यावं लागलं आणि पुण्यात ३५ हजारांची नोकरी लागली, तर निघत नाही. मधल्या काळातलं व्याज घरच्यांनी महिन्याच्या महिन्याला भरलं तर मुद्दल ३० लाखांवरच राहतं आणि हप्ता साडेचाळीस हजारांवर येतो. हे गणित बाबांना आणि आईला दोघांनाही दाखवा. हप्त्याचा फोन घरीच येतो.

आता तारण. आपल्याकडं "दोन एकर ऊस हाय की" हे पहिलं उत्तर असतं. ते चालत नाही. थकीत कर्जाची वसुली ज्या सरफेसी कायद्यानं होते तो शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळं बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन सहसा घेत नाहीत. एन.ए. (बिगरशेती) प्लॉट, फ्लॅट, शहरातलं घर किंवा मुदत ठेव, असंच काहीतरी लागतं.

गावातलं घर असेल तर आणखी एक गाठ. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा घेऊन लोक बँकेत जातात. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. बँकेला मालमत्ता पत्रक लागतं, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झालेल्या गावांत ते निघतं. आणि ते निघालं की कळतं, घर अजून आजोबांच्या नावावर आहे. मग वारस नोंद. मग दोन आत्या आणि एक काका यांच्या सह्या किंवा हक्कसोडपत्र. आत्या सही करतात, काका भाऊबीजेनंतर बघू म्हणतो. त्यानंतर बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी तपासल्याचा अहवाल) आणि मूल्यांकन. या सगळ्याला महिने लागतात. म्हणून परदेशी शिक्षणाचा नुसता विचार असला तरी शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत घराचे कागद बाहेर काढा. नंतर जायचं नाही ठरलं तरी कागद नीट झालेले वाया जात नाहीत.

ऊसबिलावर फी बसवू नका. कायद्यानं एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, चौदा दिवसांत यायला हवी. ती कशी येते ते घरच्यांना विचारा. विद्यापीठाची डिपॉझिटची तारीख कारखान्यासाठी थांबत नाही.

आणि खात्यात चार दिवस पैसे "दाखवून देतो" म्हणणारा माणूस भेटला तर तिथनं उठा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आणि खोटा कागद सापडला तर नुसता व्हिसा नाकारला जात नाही, पुढची काही वर्षं दारच बंद होतं.

पायरी ३: फ्रेशरला परदेशात नोकरी कुठं मिळते, ते नीट बघा

नोकरीच्या साइटवर अर्ज टाकला आणि टोरांटोवरनं फोन आला, असं होत नाही. परदेशी कंपनीनं नवख्याला इथनं उचलून न्यायचं तर तिला व्हिसाचा खर्च, कागद आणि पगाराची अट हे सगळं पेलावं लागतं. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे. अमेरिकेचा एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा आधीच लॉटरीवर चालतो: वर्षाला ६५,००० जागा आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांना आणखी २०,०००. त्यात सप्टेंबर २०२५ च्या आदेशानं, देशाबाहेरच्या माणसासाठी नवा अर्ज करायचा तर कंपनीवर १ लाख डॉलरचं शुल्क आलं. फ्रेशरसाठी एवढं कोण भरणार?

मग उरतं काय? बरंच काही, पण बहुतेक ठिकाणी भाषेची किंवा कौशल्याची फी आधी भरावी लागते.

जर्मनीचं नाव सध्या कोल्हापुरात फार ऐकू येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून जास्तच. तिथं जायच्या वाटा तीन. एक, आऊसबिल्डुंग, म्हणजे कंपनीत काम करत शिकायचं आणि दरमहा विद्यावेतन मिळवायचं. जर्मन साधारण बी-वन पातळीची लागते (पातळ्या खालून वर: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू). पदवीधराला ही पायरी खाली उतरल्यासारखी वाटते, पण खर्चाच्या बाजूनं याच्याइतकी हलकी वाट नाही. दोन, नर्सिंग. भाषेची अट बी-टू, आणि मागणी खरी. तीन, जून २०२४ पासून सुरू झालेलं चान्सेनकार्ट, म्हणजे तिथं जाऊन वर्षभर नोकरी शोधायची परवानगी. त्याला किमान ६ गुण लागतात.

या गुणांचा हिशेब मी मुलांना फळ्यावर करून दाखवतो. पस्तिशीच्या आत असाल तर २. इंग्रजी सी-वन असेल तर १. तुटवड्याच्या यादीतला पेशा, जसं इंजिनिअर, असेल तर १. झाले ४. जर्मन ए-टू असेल तर आणखी १, म्हणजे ५. दार एका गुणानं बंद. आता दोन वाटा: जर्मन बी-वनपर्यंत न्या, म्हणजे २ गुण आणि एकूण ६. किंवा मागच्या पाच वर्षांत आपल्या पेशातला दोन वर्षांचा अनुभव दाखवा, त्याचे २ गुण, आणि एकूण ७. गोकुळ शिरगावात किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काढलेली दोन वर्षं जर्मन सरकार मोजतं. आपल्याकडं मात्र "अजून इथंच हाय व्हय?" असं विचारतात. आणि हो, वर्षभराचा खर्च खात्यात दाखवावा लागतोच.

जपानला टोकुतेई गिनो नावाच्या, म्हणजे कुशल कामगारांच्या व्हिसाच्या, वाटेनं जाता येतं. भाषेची एन-फोर (एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात अवघड) किंवा त्या तोडीची परीक्षा आणि कामाची कौशल्य परीक्षा. इंजिनिअरच्या व्हिसाला पदवी हवीच, पण कंपन्या बोलता-लिहिता येणारं जपानी मागतात, बऱ्याचदा एन-टूच्या आसपासचं.

आखाती देशांत सिव्हिल, मेकॅनिकल, सेफ्टी, हॉटेल या कामांना माणूस लागतो आणि पगारावर आयकर नाही. पण कोऱ्या पदवीपेक्षा दोन-तीन वर्षांचा साइटचा अनुभव तिथं जास्त बोलतो. तिथला पगार मूळ वेतन किती आणि भत्ते किती हे वेगळं करून वाचा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी सहसा मूळ वेतनावर निघते, म्हणून काही मालक मूळ वेतन मुद्दाम छोटं ठेवतात.

पायरी ४: शिकताना पैसे मिळणारे रस्ते आधी तपासा

मास्टर्ससाठी स्वतः पैसे भरायचे की शिकण्याचे पैसे घ्यायचे, हा फरक आपल्याकडं उशिरा कळतो.

भारतात गेटच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं आणि गुण तीन वर्षं चालतात. काही सरकारी कंपन्या त्याच गुणांवर नोकरीही देतात. नेट-जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर संशोधनाला महिन्याला ३७,००० रुपये. एम.एस्सी.साठी आयआयटी जॅम ही प्रवेश परीक्षा द्या, पण आपलं विद्यापीठ दुसऱ्या नंबरचं समजू नका. १९६२ साली सुरू झालेलं शिवाजी विद्यापीठ नॅकच्या ए++ श्रेणीत आहे आणि मटेरियल सायन्समधलं, थिन फिल्म आणि नॅनोमटेरियलवरचं इथलं काम बाहेर वाचलं जातं. इथनं पीएच.डी. करून दक्षिण कोरियात पोस्टडॉकला (पीएच.डी.नंतरच्या पगारी संशोधनाला) गेलेले कुणी ना कुणी तुम्हाला विभागाच्या कॉरिडॉरमध्येच सापडेल. फी थोडी, राहणं वसतिगृहात, आणि परदेश शेवटी पगारावर. हा रस्ता लांब आहे, पाच-सहा वर्षांचा, पण त्याला घर गहाण पडत नाही. खेड्यातनं येऊन शहरात राहणं परवडत नसेल तर दसरा चौकाच्या आसपासची बोर्डिंगं अजून आहेत. शाहू महाराजांनी ती नेमकी याचसाठी उभी केली होती.

परदेशात नेदरलँड्स आणि जर्मनीत पीएच.डी. ही बहुतेकदा नोकरीच असते: करार, पगार, सुट्ट्या. अमेरिकेत विज्ञानाच्या पीएच.डी.ला फी माफ होऊन वेतन मिळतं, एम.एस.ला बहुधा नाही. म्हणजे संशोधनाची खरी आवड असेल तर "शिक्षण की नोकरी" हा वाद तिथं मिटतोच.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. अपवाद आहेत: वर ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्गचं नाव आलं, तिथं आपल्यासारख्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. फी नसली तरी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी ठेवावे लागतात. युरो शंभर रुपये धरला तर सुमारे १२ लाख. ते पैसे आपलेच, तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो परत हातात येतात. पण आधी ते उभे करायचे असतात. शिवाय कागद तपासून देणारं एपीएस प्रमाणपत्र लागतं, ते वेळेत मागवा. शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. अमेरिकेत ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचं, एक वर्ष, विज्ञान-तंत्रज्ञान विषय असेल तर त्यावर आणखी दोन. ब्रिटनमध्ये मास्टर्सनंतर दोन वर्षं मिळायची, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच.

बी.एस्सी., बी.कॉम.ची पदवी तीन वर्षांची असेल तर ब्रिटनचं एक वर्षाचं मास्टर्स चालतं. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष करायचं का, हे यावरही ठरवा.

शिष्यवृत्त्यांबद्दल लोक "आपल्याला कुठं मिळणार" म्हणून वाचतही नाहीत. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या प्रवर्गानुसार वेगवेगळ्या विभागांकडं आहेत: अनुसूचित जातींसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या सरकारी संस्थेची, आणि इतर मागास, आदिवासी, खुल्या प्रवर्गासाठी आपापल्या विभागांच्या. सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे, जाऊन विचारा. या योजना विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान बघतात, त्यामुळं आधी भलत्याच ठिकाणी प्रवेश घेऊन मग शिष्यवृत्ती शोधली तर उपयोग नाही. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात वैधता या कागदांची तयारी आदल्या वर्षीच करा. युरोपच्या इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्तीत सगळा खर्च मिळतो. ब्रिटनची चेव्हनिंग कुठल्याही विषयाला मिळते, पण तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. पुन्हा तीच दोन वर्षं.

पायरी ५: नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव

हे वाचताना हसू येईल, पण सगळ्यात जास्त फेऱ्या इथं होतात. आपल्या गुणपत्रिकेवर नाव आडनावापासून सुरू होतं: पाटील सागर बाळासो. आधारवर सागर बाळासाहेब पाटील. बारावीच्या प्रमाणपत्रावर बाळासो, बँकेत बी. बी. पाटील. आपल्याला माहीत आहे की बाळासो आणि बाळासाहेब एकच माणूस. म्युनिकच्या कारकुनाला ते दोन माणसं वाटतात. आडनाव पहिलं लिहिल्यामुळं तुमचं नाव "पाटील" आणि आडनाव "बाळासो" होऊन बसतं ते वेगळंच.

म्हणून पासपोर्ट काढायच्या आधी दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेवा आणि आधार, पॅन, बँक सगळं त्या स्पेलिंगला आणा. वडिलांचं आधारसुद्धा. पासपोर्टमध्ये आडनावाच्या जागी फक्त आडनाव, नावाच्या जागी स्वतःचं आणि वडिलांचं. फरक राहिलाच तर प्रतिज्ञापत्र, आणि मोठा फरक असेल तर राजपत्रात नावबदल.

पासपोर्टला पुण्याला पळायची गरज नाही, कोल्हापुरात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळला २,००० जास्त. दहावीचं प्रमाणपत्र न्यायला विसरू नका. ते जोडलं की पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागण्याचा, शिक्का पडत नाही.

ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्र दाखला) विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून घ्यायची, हव्या त्यापेक्षा दोन प्रती जास्त. शिफारसपत्रासाठी सरांना आदल्या रात्री व्हॉट्सॲप करू नका. तुम्ही काय प्रोजेक्ट केला, कुठं अर्ज करताय, हे एका पानावर लिहून महिनाभर आधी द्या. नाहीतर "हा विद्यार्थी होतकरू व कष्टाळू आहे" एवढंच पत्र मिळेल, आणि तसं पत्र आजवर कुणाच्या कामाला आलेलं नाही.

पायरी ६: भाषेला नोकरी मिळायची वाट बघू नका

जर्मन शून्यापासून बी-वनला रोज दोन तास दिले तरी वर्ष कसंबसं पुरतं. पुण्यात जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन आहे, जपानीची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि पुण्यातही केंद्र आहे. क्लास कोल्हापुरात लावा, ऑनलाइन लावा, पण परीक्षा मान्यताप्राप्त संस्थेचीच द्या. क्लासच्या स्वतःच्या प्रमाणपत्राला व्हिसाच्या खिडकीवर किंमत नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षं चालतात, म्हणून ती फार लवकर देऊन ठेवू नका.

पायरी ७: एजंट आणि कन्सल्टंट

"आमची सेवा फ्री आहे" म्हणणाऱ्या शिक्षण सल्लागाराला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. त्यात बेकायदा काही नाही, पण तो तुम्हाला जी पाच विद्यापीठं सुचवतो ती का, हे त्यातनं कळतं. जर्मनीतल्या फी नसलेल्या विद्यापीठांचं नाव त्याच्या तोंडून क्वचित येतं. अर्ज स्वतः भरा, फॉर्म बारावीच्या मुलालाही भरता येतील इतके सोपे असतात.

नोकरीच्या एजंटाचं गणित वेगळं. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याकडं १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालचा परवाना लागतो आणि ते नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर सापडतं. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी. कुणी तीन लाख मागत असेल तर बोलणं तिथंच संपवा. एक गोष्ट लक्षात ठेवा: पदवीधराला ईसीआरचा शिक्का नसतो, त्यामुळं कमी शिकलेल्या कामगाराचा करार सरकार जसा जाण्याआधी बघतं तसा तुमचा बघत नाही. तुमचा करार तुम्हालाच वाचायचाय.

व्हिजिट व्हिसावर पाठवून "तिथं गेल्यावर वर्क परमिट करतो" हे वाक्य आलं की फोन ठेवा. थायलंडमध्ये डेटा एन्ट्री, पगार लाखभर, मुलाखत टेलिग्रामवर, अशा जाहिरातींनी इंजिनिअर मुलं म्यानमार, कंबोडिया, लाओसमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकली. परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून याबद्दल इशारे देतंय.

पायरी ८: तारखा भिंतीवर

शेवटच्या वर्षाच्या जुलैत पासपोर्ट. ऑगस्ट-सप्टेंबरात गेटचा फॉर्म, परीक्षा फेब्रुवारीत. अमेरिकेच्या ऑगस्टच्या प्रवेशाचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे जीआरई ही प्रवेश परीक्षा लागणार असेल तर ऑक्टोबरपर्यंत उरकलेली हवी. जर्मनीच्या हिवाळी सत्राला बऱ्याच ठिकाणी १५ जुलै ही शेवटची तारीख असते, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी ती कित्येकदा खूप आधी येते. प्रत्येक अभ्यासक्रमाचं पान स्वतः उघडून बघा. अमेरिकेच्या व्हिसाला मुंबईला जावं लागतं. महालक्ष्मी एक्सप्रेसचं आरक्षण मुलाखतीची तारीख मिळाल्या दिवशीच करा, आणि शक्यतो एक दिवस आधी पोचा.

पायरी ९: ठरवायची तारीख, आणि नाही झालं तर

चारही रकाने भरून झाले की घरी एक तारीख ठरवा, समजा ३० एप्रिल. त्या दिवशी हातात जे असेल त्यावर निर्णय. प्रवेश आहे पण पैसे नाहीत, तर विद्यापीठाला पुढच्या सत्रापर्यंत प्रवेश राखून ठेवायची विनंती करा. बरीच विद्यापीठं मान्य करतात, पण विनंती मेलवर लेखी हवी आणि डिपॉझिटचं काय होणार हे त्यातच विचारा. फी भरण्याआधी परताव्याचे नियम वाचा, विशेषतः व्हिसा नाकारला तर किती कापतात ते.

व्हिसा नाकारला तर कारणाचं पत्र जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक अर्जात "याआधी नकार आलाय का" विचारतात आणि तिथं खरंच लिहायचं असतं. ते वर्ष मोकळं जाऊ देऊ नका. गेटचे गुण हातात असतील तर ते अजून दोन वर्षं चालतात. नसतील तर केंद्र सरकारच्या एनएटीएस या पोर्टलवर पदवीधर अप्रेंटिसशिपला नाव घाला, शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत विचारा. रुजू होताना नेमणूकपत्र आणि महिन्याचं पगारपत्रक लेखी मागून घ्या. छोट्या कारखान्यात रोख पगार आणि तोंडी नोकरी असते, आणि कागदावर नसलेला अनुभव जर्मनीच्या गुणांतही धरत नाहीत, चेव्हनिंगच्या दोन वर्षांतही नाही.